चौदा मित्र, महिन्याचे चौदा हजार आणि वस्तीतली एक संस्था

प्रश्न विचारणाऱ्याचं म्हणणं थोडक्यात असं: आम्ही चौदा मित्रमैत्रिणी, सगळे पंचविशी ते तिशीतले, खराडी-हिंजवडीत नोकरीला. दर महिना प्रत्येकी हजार रुपये काढायचं ठरलंय. ऑफिसजवळच्या वस्तीत एक छोटी संस्था आहे. दहावी-बारावीनंतर घरी बसलेल्या मुलामुलींना तीन-चार महिन्यांचे कोर्स शिकवते आणि नोकरीला लावते. तिला मदत करायची आहे. पण "कोणत्या कोर्ससाठी देऊ?" असं विचारल्यावर तिथल्या ताई म्हणाल्या, "द्या, लागतील तिथे वापरू." त्यावरून आमच्यात दोन तट पडलेत. कुणी म्हणतं आपलाच ट्रस्ट काढू, कुणी म्हणतं एका बॅचचा खर्च उचलू, म्हणजे काय झालं ते दिसेल तरी. शिवाय ८०जीचं, म्हणजे देणगीवर मिळणाऱ्या करसवलतीचं, काय? आणि कंपनी आठ जुने लॅपटॉप काढून टाकतेय, ते देऊ का?

मी पुण्यात अशाच एका संस्थेत बावीस वर्षं काढली. आधी वस्तीत घरोघर फिरून मुलं आणायचं काम, मग प्लेसमेंट, आणि शेवटची काही वर्षं हिशेब आणि देणगीदार. म्हणजे तुम्ही देणारे आणि मी घेणाऱ्यांतली. माझं उत्तर त्या बाजूला थोडं झुकणारच, ते धरूनच वाचा.

कोर्स कोणता, यावर तुम्ही अडलायत. मला काळजी वाटते ती आठव्या-नवव्या महिन्याची. तुमच्या सगळ्यांच्या आया भिशी लावत असतील. भिशीचा हप्ता कधी चुकत नाही, कारण पुढे आपलाही नंबर लागायचा असतो. वर्गणीत नंबर लागत नाही. पहिले चार महिने पैसे आठवणीने जातात, मग आठवण करून दिल्यावर जातात, मग आठवण करून देणाऱ्यालाच संकोच वाटायला लागतो.

साधारण दहा वर्षांपूर्वी आमच्याकडे अगदी असाच गट आला होता. एकाच कंपनीतले बारा-तेरा जण, मनाने फार चांगली मुलं. शनिवारी यायची, चहा प्यायची, वर्गात मागे बसायची. त्यांच्या भरवशावर आम्ही वस्तीतलीच एक मुलगी कामावर ठेवली, आमच्याच एका बॅचमधून शिकलेली. नोकरीला लागलेल्या मुलांशी पुढचे तीन महिने बोलत राहणं हे तिचं काम. सहाव्या महिन्यात गटाचा म्होरक्या बदली होऊन बंगळूरला गेला. आठव्या महिन्यात चौघांचे पैसे आले, दहाव्यात एकाचेही नाही. "आता थांबतो" असं कुणी म्हणालंच नाही, नुसतं थांबलं. पुढच्या एक तारखेपासून तुझा पगार देता येणार नाही, हे त्या मुलीला मीच समोर बसवून सांगितलं. ती म्हणाली, "ताई, मग मी ज्यांना फोन करते त्यांना कोण करणार?" दोष मी त्या गटाला देत नाही. व्हॉट्सअ‍ॅपवरच्या अंगठ्याच्या खुणा मी वचन म्हणून धरल्या आणि त्यावर माणूस नेमला. चूक माझी.

म्हणून तुमच्या चौदा जणांत आधी एवढंच ठरवा: किती महिने, आणि थांबायचं झालं तर किती आधी सांगायचं. माझं मत विचाराल तर चोवीस महिने आणि तीन महिन्यांची सूचना. बाकीचं सगळं त्यानंतर.

काही गोष्टी मी इथे बसून सांगू शकत नाही, कारण त्या संस्थेवर अवलंबून आहेत. चौदा हजार म्हणजे वर्षाचे १,६८,००० रुपये. संस्थेचा वर्षाचा खर्च पंधरा लाखांचा असेल तर तुम्ही दहावा हिस्सा उचलताय. तुमच्यामुळे तिथे काहीतरी बदलेल आणि तुम्ही थांबलात तर ते मोडेलही. तोच खर्च दोन-चार कोटींचा असेल तर तुमचे पैसे मोठ्या पिठात मिठाएवढे, मग एखादी ठरावीक गोष्ट निवडून तिच्यामागे राहणं जास्त बरं. तुमच्या वर्णनावरून ती पहिल्या प्रकारातली वाटते, आणि मी तसं धरूनच पुढचं लिहितेय. चुकत असेल तर आकडे बदला, तर्क तोच ठेवा.

आता त्या ताईंच्या उत्तराकडे. "लागतील तिथे वापरू" हे तुमच्या मित्रांना टाळाटाळीचं वाटलं, आणि नव्या माणसाला ते तसं वाटणारच. पण संस्थेचा पैसा कुठून येतो ते बघा. कंपनी कायदा २०१३ च्या कलम १३५ प्रमाणे ज्या कंपनीची निव्वळ मालमत्ता ५०० कोटी, किंवा उलाढाल १,००० कोटी, किंवा निव्वळ नफा ५ कोटी रुपये किंवा त्याहून जास्त आहे, तिला मागच्या तीन वर्षांच्या सरासरी नफ्याच्या २ टक्के रक्कम सामाजिक कामावर खर्च करावी लागते. यालाच सीएसआर म्हणतात. पुण्याच्या आसपास अशा कंपन्यांना तोटा नाही. त्यामुळे कोर्ससाठी पैसा मिळतो. शिलाई मशिनं मिळतात, फ्रिज-एसी दुरुस्तीची लॅब मिळते, टॅलीच्या (हिशेबाच्या सॉफ्टवेअरच्या) वर्गाला संगणक मिळतात, गणवेश मिळतात आणि वर लावायला कंपनीचा फलकही मिळतो. कंपनीच्या तक्त्यात दोन रकाने असतात, किती शिकले आणि किती लागले.

त्या तक्त्यात न बसणारं काय, ते ऐका. दोन बॅचच्या मधल्या दीड महिन्याचं भाडं. पालकांना पटवायला वस्तीत संध्याकाळी सात ते नऊ फिरणाऱ्या कार्यकर्तीचा पगार. आई-बाप कामावरून त्याच वेळी घरी येतात. हिशेबनीस. आणि मुलगा जॉइन झाल्यानंतरचं सगळं. त्यात आणखी एक गोम आहे. सीएसआरच्या नियमांत प्रशासकीय खर्चावर ५ टक्क्यांची मर्यादा आहे, पण ती कंपनीच्या स्वतःच्या सीएसआर विभागाच्या खर्चावर आहे. प्रत्यक्षात बऱ्याच ठिकाणी तोच आकडा संस्थेच्या अंदाजपत्रकाला लावला जातो आणि सगळे पगार "प्रशासन" म्हणून कापले जातात. माझी अशा बैठकांत किती दुपार गेली असेल! तेव्हा ताई "लागतील तिथे" म्हणाल्या, त्याचा अर्थ बहुधा "जिथे कुणीच देत नाही तिथे" असा आहे. त्यांना पुन्हा भेटा आणि प्रश्न फिरवून विचारा: "गेल्या वर्षी तुम्हाला कशासाठी पैसे मिळाले नाहीत?" उत्तर लगेच येतं का ते बघा. ज्याला संस्था खरोखर चालवावी लागते त्याला या प्रश्नावर विचार करावा लागत नाही.

मला विचाराल तर तुमचे पैसे जॉइनिंगनंतरच्या तीन महिन्यांत घाला. का, ते जरा सविस्तर सांगते, कारण हा भाग बाहेरून दिसत नाही.

समजा एका मुलाला वाघोलीच्या गोदामात नोकरी लागली. तारीख अठरा. पहिला पगार पुढच्या सात तारखेला मिळेल असं तो घरी सांगतो. पण पगाराची यादी वीस तारखेच्या सुमाराला बंद होते, त्याचं बँक खातं अजून जोडलेलं नसतं, म्हणून पहिला पगार जातो त्याच्याही पुढच्या महिन्याच्या सातला. म्हणजे जवळजवळ पन्नास दिवस. या पन्नास दिवसांत त्याला रोज बस, मग बस चुकली की शेअर रिक्षा, दुपारचं जेवण, काळे बूट, पासपोर्ट फोटो, आधारला मोबाईल जोडलेला नसतो म्हणून केंद्रावरचा एक हेलपाटा. आधी तो मंडईत हमाली करून रोज संध्याकाळी थोडेफार रोख घरी आणत होता, ते बंद. घरचे चार दिवस कौतुक करतात, पाचव्या दिवशी विचारतात, "पगार कधी?" पंधराव्या दिवशी तो गोदामात जात नाही. कंपनीच्या रजिस्टरमध्ये "न कळवता गैरहजर", आमच्या तक्त्यात "लागला". दोन्ही नोंदी आपापल्या जागी खऱ्या.

आम्ही यासाठी एक वही घातली होती. लाल पुठ्ठ्याची, शाळेत असते तसली. त्यातली एक ओळ मला अजून आठवते: "काळे बूट ४५०, फोटो-झेरॉक्स ८०, पास, डबा १५ दिवस." बूट एवढ्यासाठी की मुलाखतीला तो थोरल्या भावाचे घालून गेला होता, पुढे वर्तमानपत्राचा बोळा कोंबून. मुलाखतीपुरतं ते चाललं. आठ तास उभं राहायचं म्हटल्यावर दुसऱ्या दिवशी टाचा सोलवटल्या.

सुरुवातीला हे पैसे आम्ही उसने म्हणून देत होतो. मुलांना फुकट नको, सवय लागते, असा तेव्हाचा आमचा शहाणपणा. झालं असं की निम्म्या मुलांनी परत केले आणि ज्यांना जमलं नाही त्यांनी आमचे फोन घेणं बंद केलं. म्हणजे ज्यांच्याशी बोलायची सगळ्यात जास्त गरज होती तेच तुटले, आणि तेही हजार-पंधराशे रुपयांपायी. मग आम्ही अट बदलली: पैसे परत करायचे नाहीत, पण तीन महिने फोन उचलायचा. वाईट बातमी असली तरी उचलायचा. या एका बदलाने आम्हाला जेवढं कळायला लागलं तेवढं कुठल्याही सर्वेक्षणाने कळलं नव्हतं. एक मुलगी हडपसरच्या एका रुग्णालयात रुग्णसहायक म्हणून लागली होती, तिने दहाव्या दिवशी फोनवर सांगितलं की काम आवडतंय, पण रात्रपाळी सुटते पहाटे सहाला आणि मुख्य रस्त्यापासून घरापर्यंतची गल्ली तिला नको वाटते. यावर उपाय होता. त्याच वस्तीतली दुसरी मुलगी त्याच रुग्णालयात होती, दोघींच्या पाळ्या जुळवून घेतल्या. तिने न सांगता सोडलं असतं तर आम्ही "मुलींना रात्रपाळी झेपत नाही" असं लिहून मोकळे झालो असतो.

तर माझा प्रस्ताव असा. चौदा हजार गोळा होत असले तरी संस्थेला शब्द द्या तो दहा हजारांचा, चोवीस महिन्यांसाठी, आणि तो या पाठपुराव्याच्या माणसाच्या पगारातला वाटा म्हणून. संस्थेने उरलेला वाटा कुठून आणायचा हे तिला ठरवू दे. वरचे चार हजार येतील तसे त्या लाल वहीसाठी. नोकरी जाणं, घराचा हप्ता, लग्न, बाळंतपण, हे सगळं तुमच्या वयात दोन वर्षांत होणारच आहे. चौदातले चार गळले तरी दिलेला शब्द मोडत नाही, एवढी जागा सुरुवातीलाच ठेवा. आणि प्रत्येकाने किती दिले हे गटात जाहीर करू नका. एखाद्याला पाचशेच जमत असतील तर त्याने ते गुपचूप द्यावेत. संस्था तुम्हाला फक्त एकूण बेरीज सांगेल. हजार देता येत नाहीत म्हणून लाजून गटातूनच बाहेर पडणारी माणसं मी पाहिली आहेत.

आता ट्रस्टचं. काढू नका. ट्रस्टऐवजी सोसायटी, म्हणजे सदस्यांची संस्था, नोंदवायची तर किमान सात जण लागतात, ते तुमच्याकडे आहेत, खरं आहे. पण मग महाराष्ट्रात धर्मादाय आयुक्तांकडे नोंदणी, पॅन, दरवर्षी लेखापरीक्षण, प्राप्तिकराची वेगळी नोंदणी, आणि विश्वस्त बदलला की चेंज रिपोर्ट. तुमच्यातला एक जण सिंगापूरला गेला की त्याचं नाव काढायलाही कागद. वर्षाला पावणेदोन लाख वाटण्यासाठी एवढा पसारा कशाला? ज्या संस्थेने हे सगळं आधीच निस्तरून ठेवलंय तिच्याकडे पैसे द्या.

पण ट्रस्ट नको म्हणून एकाच्या खात्यात सगळ्यांचे पैसे गोळा करायचे, हेही नको. माझ्या ओळखीच्या एका गटात हे झालं. खजिनदार उत्साही होता, सगळे त्याला जीपे करायचे आणि तो महिन्याअखेर संस्थेला एकरकमी पाठवायचा. मार्च उजाडला तेव्हा पावती एकाच्या नावाने, पॅन एकाचा, करसवलतही त्यालाच. बाकीच्यांच्या हाती काही नाही. भांडण झालं नाही, पण पुढच्या वर्षी गटही झाला नाही. शिवाय नातेवाईक नसलेल्यांकडून वर्षभरात ५०,००० रुपयांपेक्षा जास्त रक्कम मोबदल्याशिवाय आली की ती कराच्या दृष्टीने उत्पन्न धरली जाते. तुमच्या खजिनदाराच्या खात्यात वर्षाला १,६८,००० येणार. तो फक्त पुढे पाठवत होता हे समजावून सांगता येईलही, पण समजावत बसायची वेळ का आणा? प्रत्येकाने आपापल्या खात्यातून थेट संस्थेच्या खात्यात पाच तारखेची स्टँडिंग इन्स्ट्रक्शन, म्हणजे दरमहा आपोआप पैसे पाठवायची बँकेला सूचना, लावा. एकदा लावली की आठवण करून द्यायचा संकोचही संपला.

जाता जाता आणखी एक. उद्या उत्साहाच्या भरात ऑफिसच्या कँटीनमध्ये डबा ठेवून किंवा सोसायटीत फिरून लोकांकडून पैसे गोळा करायचं ठरलं, तर ती वेगळी गोष्ट झाली. गणेश मंडळांना वर्गणीसाठी कलम ४१क खाली धर्मादाय कार्यालयाची परवानगी घ्यावी लागते ना, त्याच वाटेला तुम्ही जाल. तसं काही करायचं तर संस्थेच्या नावाने आणि संस्थेच्या पावतीपुस्तकावर करा.

८०जीबद्दल तुमच्या गटात बहुधा गैरसमज आहे, म्हणून स्पष्ट लिहिते. ही सवलत जुन्या करपद्धतीत मिळते. नवी करपद्धत, जी २०२३-२४ पासून आपोआप लागू होते, तिच्यात मिळत नाही. तुमच्या वयाच्या, घरकर्ज नसलेल्या बहुतेकांनी नवी पद्धत घेतलेली असते, म्हणजे प्रश्नच मिटला. जुनीत असाल तर हिशेब असा: वर्षाला १२,००० दिले, त्यातले निम्मे म्हणजे ६,००० उत्पन्नातून वजा, आणि तुम्ही ३० टक्क्यांच्या टप्प्यात असाल तर कर वाचला १,८०० रुपये आणि वर थोडा उपकर. चांगलं आहे, पण यावर गटाचा निर्णय ठरू नये. २,००० रुपयांपेक्षा जास्त रोख देणगीला सवलत नाही, वस्तूंनाही नाही. आणि नुसती पावती पुरत नाही; संस्थेने वर्षाचं विवरण भरल्यावर तुमच्या पॅनवर निघणारं प्रमाणपत्र लागतं, ज्याला आम्ही फॉर्म १०बीई म्हणत आलो. १ एप्रिल २०२६ पासून नवा प्राप्तिकर कायदा लागू असल्याने कलमांचे आकडे बदलतात, तेव्हा तुमच्या सीएला एकदा विचारून घ्या. तुम्हाला सवलत नको असली तरी संस्थेला पॅन द्या. निनावी देणग्या ठरावीक मर्यादेबाहेर गेल्या की त्यावर संस्थेलाच ३० टक्के कर बसतो.

परदेशाचं: तुमच्यातला कुणी अमेरिकेत गेला पण पासपोर्ट भारतीय आहे, तर तो आपल्या कमाईतून बँकेमार्फत पूर्वीसारखी देणगी देऊ शकतो. नागरिकत्व बदललं, ओसीआय कार्ड (परदेशी नागरिक झालेल्या भारतीय वंशाच्या माणसाला मिळणारं) घेतलं, की तो कायद्याच्या भाषेत परदेशी स्रोत. मग संस्थेकडे एफसीआरएची, म्हणजे परदेशी देणग्यांच्या कायद्याखालची, नोंदणी असल्याशिवाय त्याचा एक रुपयाही घेता येत नाही, आणि नोंदणी असली तरी ते पैसे दिल्लीतल्या स्टेट बँकेच्या मुख्य शाखेतल्या खात्यातच यावे लागतात. छोट्या संस्थेकडे ही नोंदणी बहुधा नसते. मित्राने प्रेमापोटी पाठवलेले शंभर डॉलर संस्थेला महागात पडू शकतात, एवढं त्याला सांगून ठेवा.

संस्थेची कागदपत्रं बघायला अर्धा तास पुरतो: धर्मादाय आयुक्तांकडची नोंदणी, १२एबी (प्राप्तिकर खात्याकडची संस्थेची नोंदणी) आणि ८०जीची मुदत संपली नाही ना, आणि मागच्या तीन वर्षांचे लेखापरीक्षण अहवाल. अहवालात पगाराचा खर्च जास्त दिसला तर दचकू नका. शिकवणं आणि नोकरीला लावणं हे माणसांचंच काम आहे, खर्च पगारावरच होणार. मुलांकडून थोडी फी घेतात का तेही विचारा. आमचा अनुभव असा की दोन-तीनशे रुपये भरलेला मुलगा जास्त दिवस येतो, पण फी भरली नाही म्हणून कुणाला परत पाठवत नाहीत ना, हेही लगेच विचारा.

म्हणजे आत्तापर्यंतचं एवढं झालं: आपला ट्रस्ट नको, एकाच्या खात्यात गोळा करणं नको, प्रत्येकाने थेट द्यायचं, शब्द जमतंय त्यापेक्षा कमीचा पण दोन वर्षांचा, आणि पैसा जॉइनिंगनंतरच्या काळात.

"काय झालं ते दिसेल का?" हा तुमच्या दुसऱ्या तटाचा प्रश्न रास्त आहे. त्यासाठी बॅच विकत घ्यायची गरज नाही. दर तिमाहीला एक पान मागा, त्यावर चारच गोष्टी: किती आले, किती जॉइन झाले, तीन महिन्यांनंतर किती अजून कामावर आहेत, आणि ज्यांनी सोडलं त्यांनी का सोडलं. चौथी ओळ सगळ्यात मोठी असली पाहिजे. "शंभर टक्के प्लेसमेंट" असं कुणी लिहून दिलं तर मी पैसे द्यायच्या आधी दोनदा विचार करीन. लागला याचा पुरावा म्हणून ऑफर लेटर धरू नका. ज्या आस्थापनेला पीएफ लागू आहे तिथे पासबुकात दोन महिन्यांचा भरणा दिसणं हा खरा पुरावा. २१,००० रुपयांपर्यंत पगार असलेल्यांना ईएसआयचा (कामगारांच्या सरकारी आरोग्यविम्याचा) क्रमांक मिळाला का, हा दुसरा. छोट्या गॅरेजात किंवा पार्लरमध्ये दोन्ही नसतं, तिथे बँकेत जमा झालेला पगार बघायचा. हे संस्थेने मुलांना विचारून बघायचं, तुम्ही नाही. तुम्हाला नावं, फोन नंबर, फोटो काहीही नको. नोकरीच्या पहिल्या महिन्यात "हे आपले देणगीदार" म्हणून चौदा अनोळखी माणसांसमोर उभं राहायची वेळ कुणावर येऊ नये.

त्या पानावरचा आकडा वाईट आला तर गप्प बसून बघा, संस्था त्याबद्दल काय बोलते. आम्ही एका देणगीदाराला खरा आकडा दिला आणि पुढच्या वर्षी तो आला नाही. त्यानंतर वर्षभर आमच्या अहवालांत सगळं छान छान होतं. मला त्याची अजून लाज वाटते.

शनिवारच्या वेळेचं. यायचं असेल तर या, पण २ ते ८ ऑक्टोबरच्या दान उत्सवात, म्हणजे देशभर साजऱ्या होणाऱ्या देण्याच्या आठवड्यात, येऊ नका. त्या आठवड्यात आमच्याकडे रोज पाहुणे, रोज स्वागत, आणि नोव्हेंबरात चिटपाखरू नाही. मुलाखतीचा सराव घेणार असाल तर आधी प्लेसमेंट बघणाऱ्याशी बोला. आयटीतली मुलं येतात आणि इंग्रजीत "स्वतःबद्दल सांगा" विचारतात. या मुलांची खरी मुलाखत पाच मिनिटांची असते: राहता कुठे, गाडी आहे का, रात्रपाळी चालेल का, आधीची नोकरी का सोडली. शेवटच्या प्रश्नाला "मालक शिव्या द्यायचा" याऐवजी काय सांगायचं, याचा सराव त्यांना हवा असतो. आणि तुमच्याकडे पैशापेक्षा मोठी गोष्ट आहे, ती म्हणजे ओळखी. तुमच्या सीएच्या ऑफिसात टॅली येणारी मुलगी लागते, दातांच्या डॉक्टरला मदतनीस लागतो, सोसायटीच्या लिफ्टवाल्याला हाताखाली मुलगा लागतो. चौदा जणांनी वर्षात दोन-दोन दारं ठोठावली तरी अठ्ठावीस झाली. मात्र आपल्याच कंपनीत कंत्राटदारामार्फत कुणाला लावणार असाल तर पीएफ भरतो का ते आधी बघा, नाहीतर तुमच्या शब्दाखातर तो पोरगा तक्रारसुद्धा करणार नाही.

राहिले लॅपटॉप. घ्यायच्या आधी संस्थेला विचारा की शिकवता काय. टॅली शिकवत असतील तर विंडोज लागणारच, आणि विंडोज १० ला मायक्रोसॉफ्टचं मोफत पाठबळ १४ ऑक्टोबर २०२५ ला संपलं; विंडोज ११ न पेलणारी जुनी मशिनं त्या वर्गात गळ्यात धोंड होतील. नुसतं टायपिंग आणि इंटरनेट शिकवायचं असेल तर लिनक्स (विंडोजऐवजी चालणारी मोफत प्रणाली) टाकून चालतील, ते टाकून द्यायचं काम तुमच्यापैकी दोघांनी एका रविवारी करावं. कंपन्या माहितीच्या भीतीने हार्ड डिस्क काढून घेतात, तेव्हा आत काय आहे ते उघडून बघा, बॅटरी किती वेळ टिकते ते बघा, कंपनीचं संस्थेच्या नावाने पत्र घ्या. आणि चार्जर मोजा. आमच्याकडे एकदा दहा लॅपटॉप आले होते, चार्जर तीन, आणि त्यातला एक वेगळ्याच कंपनीचा.